श्रीमती किटी गॉडफ्री : बॅडमिंटनच्या दालनातून विंबल्डनपर्यंत

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेत दरवर्षी एखाद्या थोर व्यक्तीचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. संत, समाजसुधारक, विद्वान, दानशूर अशा अनेकांची चरित्रे वाचकांनी या पृष्ठांवर वाचली असतील. यंदा एका खेळाडू स्त्रीचे चरित्र सादर करण्याचे आम्ही योजिले आहे. ही स्त्री ना आपल्या ज्ञातीची, ना आपल्या देशाची. तरीही तिचीच निवड का केली, असे कोणी विचारील. याचे उत्तर असे की, आपल्या घराघरांत आज ज्या मुली हाती रॅकेट घेत आहेत त्यांच्याविषयी आईबापांच्या मनात जे दोन प्रश्न हटकून उभे राहतात, त्या दोहोंशी या बाईंच्या आयुष्याची गाठ पडली होती. पहिला प्रश्न, लग्नानंतर या खेळाचे काय होणार? आणि दुसरा, खेळून पोट भरते काय?

बाईंचा पहिला खेळ बॅडमिंटन. हा खेळ परका समजण्याचे आपल्याला तर मुळीच कारण नाही. त्याला बॅडमिंटन हे नाव इंग्लंडातील ब्यूफोर्टच्या ड्यूकांच्या वाड्यावरून पडले हे खरे. परंतु १८७० नंतरच्या दशकात पुण्याच्या छावणीतील इंग्रज अधिकारी तो मोठ्या हौसेने खेळत, त्याचे आरंभीचे नियमही तेथेच बांधले गेले, आणि काही काळ हा खेळ ‘पूना’ याच नावाने ओळखला जाई. रजेवर मायदेशी जाणाऱ्या अधिकाऱ्यांबरोबर तो इंग्लंडला गेला. १८९३ साली तेथे त्याची संघटना झाली आणि १८९९ पासून ‘ऑल इंग्लंड’ या नावाची स्पर्धा भरू लागली. पुढे कित्येक दशके या स्पर्धेतील विजेत्याला जगज्जेत्याचाच मान मिळत असे, कारण अधिकृत जागतिक स्पर्धा १९७७ पर्यंत नव्हतीच.

कॅथलीन मॅकेन यांचा जन्म ७ मे १८९६ रोजी लंडनच्या बेजवॉटर भागात झाला. घरी आणि पुढे जगभर त्यांना किटी म्हणूनच ओळखीत. घराणे सुस्थितीतील होते, पण मुलींना मऊ गादीवर बसवून ठेवणारे नव्हते. १९०६ साली, किटी जेमतेम नऊ-दहा वर्षांची असताना, मॅकेन कुटुंब लंडनहून बर्लिनला सायकलींवरून गेले. त्या काळच्या सायकली, त्या काळचे रस्ते आणि बरोबर लहान मुले, हे ध्यानात घेतले म्हणजे या प्रवासाचे मोल कळते. थोरली बहीण मार्गारेट हीही तितकीच चपळ. मुलींना शिक्षणासाठी स्कॉटलंडातील सेंट अँड्र्यूज येथील सेंट लेनर्ड्स शाळेत ठेवले होते. तेथे मुलींच्या खेळाला अभ्यासाइतकेच स्थान होते. आमच्या मते पुढच्या साऱ्या पदकांचे मूळ या घरात आणि या शाळेत आहे. मुलीच्या अंगी गुण असतो हे खरे, परंतु त्या गुणाला दार उघडून देणारा बाप असावा लागतो.

शाळा संपली न संपली तोच १९१४ चे महायुद्ध पेटले. ऑल इंग्लंड स्पर्धा १९१५ पासून बंद पडली ती १९२० सालीच पुन्हा सुरू झाली. खेळाडूच्या आयुष्यातील अठरा ते तेवीस ही ऐन उमेदीची वर्षे अशी गेली. ज्यांच्या मुलामुलींची अशीच काही वर्षे आजारपणात वा घरच्या अडचणीत गेली असतील त्यांनी पुढचा भाग अवश्य वाचावा.

१९२० साली लंडनच्या वेस्टमिन्स्टर भागातील हॉर्टिकल्चरल हॉलमध्ये ऑल इंग्लंड स्पर्धा पुन्हा भरली आणि तिच्यात किटी मॅकेन स्त्रियांच्या एकेरीत अजिंक्य ठरल्या. १९२१ आणि १९२२ सालीही त्याच. १९२३ साली हा मान लॅव्हिनिया रॅडेग्लिया यांच्याकडे गेला. युद्धापूर्वी १९१३ व १९१४ सालीही त्याच विजेत्या होत्या. १९२४ साली किटीबाईंनी अजिंक्यपद परत मिळविले. दुहेरीत १९२१ आणि १९२४ साली बहीण मार्गारेट त्यांच्या जोडीला होती. मिश्र दुहेरीत १९२४ आणि १९२५ साली आयरिश खेळाडू फ्रँक डेव्हलिन यांच्यासह त्या विजयी झाल्या. अशी ऑल इंग्लंडची एकूण आठ अजिंक्यपदे त्यांच्या नावावर आहेत. आणि १९२५ साली एकेरीचे अजिंक्यपद कोणाकडे गेले? तर थोरल्या बहिणीकडे. मार्गारेट यांचा विवाह तोपर्यंत होऊन गेला होता आणि त्या श्रीमती स्टॉक्स या नावाने खेळत होत्या. म्हणजे १९२० ते १९२५ या सहा वर्षांत पाच वेळा हा मान एकाच घरात राहिला.

बॅडमिंटन हा इंग्लंडात हिवाळ्याचा, छपराखालचा खेळ आणि टेनिस उन्हाळ्याचा, हिरवळीवरचा. किटीबाईंनी दोन्ही ऋतू खेळाला दिले. त्यांच्या आधी एथेल लारकोम यांनी हे साधले होते. बॅडमिंटनचे एकेरी अजिंक्यपद पाच वेळा मिळवून त्यांनी १९१२ साली विंबल्डनही जिंकले होते. तरी दोन खेळांतील नाते किटीबाईंच्या खेळात जितके स्पष्ट दिसले तितके क्वचितच दिसते. बॅडमिंटनमध्ये फूल जमिनीला टेकले की गुण गेला. त्यामुळे प्रत्येक फटका अधांतरीच मारावा लागतो. नजर वर, मनगट सैल, पाय सतत सरकते, आणि जाळ्याजवळ निमिषार्धात निर्णय. त्या काळच्या बहुतेक टेनिस खेळणाऱ्या स्त्रिया मागच्या रेषेवर उभ्या राहून, चेंडूचा टप्पा पडू देऊन खेळत. किटीबाई मात्र संधी मिळताच जाळ्यापाशी धावत आणि चेंडूला टप्पा पडू न देताच तो परतवीत. उंच आलेल्या चेंडूचा तर त्या फुलासारखाच समाचार घेत. दोन खेळ एकदम केल्याने दोन्ही बिघडतात असे आपल्याकडे शिक्षक सांगतात. किटीबाईंच्या बाबतीत एका खेळाने दुसऱ्याला वाढविले एवढे तरी कबूल करावे लागेल.

विंबल्डनच्या मैदानावर त्या प्रथम उतरल्या १९१९ साली. पुढच्याच वर्षी बेल्जममधील अँटवर्प येथे ऑलिंपिक सामने झाले. त्या वेळी टेनिस ऑलिंपिकमध्ये होते, बॅडमिंटन नव्हते. तेथे त्यांच्यापुढे एक पेच उभा राहिला. एकेरीचा उपान्त्य सामना आणि दुहेरीची लढत एकाच दिवशी आली. किटीबाईंनी एकेरीत डोरोथी होल्मन यांना पुढे चाल दिली आणि आपले बळ दुहेरीसाठी राखून ठेवले. स्वतःच्या एकट्याच्या सुवर्णपदकाची आशा त्यांनी जोडीदारिणीसाठी सोडली असे म्हटले तर ते अतिशयोक्तीचे होणार नाही. जोडीदारीण होत्या विनिफ्रेड मॅकनेअर, वय वर्षे ४३! या जोडीने दुहेरीचे सुवर्णपदक जिंकले. मिश्र दुहेरीत मॅक्स वूझ्नम यांच्यासह रौप्य आणि एकेरीत कांस्य अशी आणखी दोन पदके किटीबाईंना मिळाली. चार वर्षांनी पॅरिस येथे त्यांनी दुहेरीत रौप्य आणि एकेरीत कांस्य मिळविले. ऑलिंपिक टेनिसमध्ये पाच पदके मिळविण्याचा हा विक्रम ९२ वर्षे एकट्या त्यांच्याकडे होता. २०१६ साली रिओ येथे अमेरिकेच्या व्हीनस विल्यम्स यांनी त्याची बरोबरी केली.

या यशाच्या वर्णनात एक नाव आतापर्यंत आम्ही मुद्दाम मागे ठेवले. ते फ्रान्सच्या सुझान लेंग्लेन यांचे. त्या दशकात लेंग्लेन यांच्यापुढे उभे राहणे म्हणजे पराभवाला सामोरे जाणे, हे सर्व जगाने गृहीत धरले होते. किटीबाईंना तर हा अनुभव वारंवार आला. १९२२ साली विंबल्डनचे नवे मैदान सुरू झाले. त्या वर्षी स्त्रियांच्या दुहेरीच्या अंतिम सामन्यात मॅकेन भगिनी पोहोचल्या आणि लेंग्लेन व एलिझाबेथ रायन यांच्याकडून हरल्या. १९२३ साली एकेरीच्या अंतिम सामन्यात लेंग्लेन यांनी किटीबाईंना ६-२, ६-२ असे हरविले. १९२५ साली उपान्त्य सामन्यात तर ६-०, ६-०! एकही गेम हाती न लागणे हा केवढा मानभंग! परंतु असा मार खाऊनही पुढच्या वर्षी त्याच मैदानावर परत येणे ज्याला जमते त्यालाच आम्ही खेळाडू म्हणू.

१९२४ हे वर्ष किटीबाईंच्या आयुष्यातील सोन्याचे वर्ष. हिवाळ्यात ऑल इंग्लंडमध्ये एकेरी, दुहेरी, मिश्र दुहेरी अशा तिन्ही प्रकारांत त्या अजिंक्य ठरल्या होत्या. उन्हाळ्यात विंबल्डनला आजारामुळे लेंग्लेन यांनी उपान्त्य सामन्यापूर्वी माघार घेतली आणि किटीबाईंना पुढे चाल मिळाली. अर्थात, आयतेच अंतिम सामन्यात आल्या, अशी कुजबुज कोणी केली असेल तर तिचे उत्तर लवकरच मिळावयाचे होते. समोर होत्या अमेरिकेच्या अठरा वर्षांच्या हेलन विल्स. चेहऱ्यावर सुखदुःखाची रेषही उमटू न देणारी, जोरकस फटक्यांची ही मुलगी पुढे विंबल्डनचे एकेरी अजिंक्यपद आठ वेळा जिंकणार होती. पहिला सेट विल्स यांनी ६-४ असा घेतला. दुसऱ्यात त्या ४-१ अशा पुढे गेल्या आणि ५-१ करण्याची संधीही त्यांच्यापुढे आली. सामना संपल्यातच जमा होता. येथे किटीबाईंनी कोणता चमत्कार केला? काहीच नाही. त्या एकेका गुणासाठी खेळत राहिल्या आणि अधिकाधिक जाळ्याकडे सरकत गेल्या. तो गेम त्यांनी घेतला, मग दुसरा, मग तिसरा. पाच गेम ओळीने जिंकून त्यांनी तो सेट ६-४ असा फिरविला आणि तिसराही ६-४ असाच घेऊन सामना जिंकला. हेलन विल्स विंबल्डनच्या एकेरीत एकूण ५६ सामने खेळल्या. त्यांतला हा एकच त्या हरल्या. त्याच वर्षी ब्रायन गिल्बर्ट यांच्यासह मिश्र दुहेरीही किटीबाईंनी जिंकली.

आता पहिल्या प्रश्नाकडे वळू. जानेवारी १९२६ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर असताना किंबर्ली येथे किटीबाईंचा विवाह लेस्ली गॉडफ्री यांच्याशी झाला. गॉडफ्री हे स्वतः नामांकित टेनिसपटू होते. १९२३ साली विंबल्डनची पुरुष दुहेरी त्यांनी जिंकली होती, आणि १९२२ साली तेथील नव्या मध्यवर्ती मैदानावर जो पहिला सामना झाला तो त्यांच्यात आणि अल्जर्नन किंग्सकोट यांच्यात. विवाहाला सहा महिने होतात न होतात तोच नवपरिणित श्रीमती गॉडफ्री विंबल्डनच्या अंतिम सामन्यात उभ्या राहिल्या. प्रतिस्पर्धी होत्या स्पेनच्या लिली द आल्वारेझ, मोठ्या धाडसी आणि डोळ्यांचे पारणे फेडणाऱ्या खेळाच्या. पहिला सेट ६-२ असा गॉडफ्रीबाईंचा, दुसरा ६-४ असा आल्वारेझ यांचा. तिसऱ्यात आल्वारेझ ३-१ अशा पुढे गेल्या. पुन्हा दोन वर्षांपूर्वीचीच कथा! बाईंनी ओळीने पाच गेम घेतले आणि ६-३ असा सामना जिंकला. त्याच स्पर्धेत पती-पत्नींनी मिळून मिश्र दुहेरीचे अजिंक्यपदही मिळविले. विंबल्डनची मिश्र दुहेरी जिंकणारे पती-पत्नीचे जोडपे त्यांच्याखेरीज दुसरे झालेले नाही.

पुढेही खेळ थांबला नाही. १९२७ साली एर्मिन्ट्रूड हार्वी यांच्यासह त्यांनी अमेरिकेची दुहेरी जिंकली. इंग्लंड-अमेरिका यांच्यातील स्त्रियांच्या वाइटमन चषकासाठी १९२३ पासून १९३४ पर्यंत सात वेळा त्या इंग्लंडकडून खेळल्या. दोन मुलांच्या त्या माता झाल्या. बॅडमिंटनचे अजिंक्यपद मात्र विवाहानंतर त्यांच्या वाट्याला आले नाही, हेही येथे नमूद केले पाहिजे. संसारात दोन्ही ऋतू खेळाला देणे पूर्वीसारखे साधले नसावे, असा आमचा तर्क आहे.

दुसरा प्रश्न पैशाचा. त्या काळी बॅडमिंटन आणि टेनिस हे दोन्ही हौशी खेळ होते. स्पर्धा जिंकणाऱ्याला चषक आणि मान मिळे, द्रव्य मिळत नसे. जो पैशासाठी खेळेल त्याला विंबल्डनचे दार बंद. या नियमाचा फटका कोणाला बसे? ज्याच्या घरी सुबत्ता आहे त्याला तो जाणवतच नसे. मॅकेन यांच्या घरी तो जाणवला नाही. लेंग्लेन यांना मात्र तो सहन झाला नाही. आपल्या नावावर मैदाने भरतात, त्याचा पैसा दुसरे मोजतात आणि आपण मात्र रिकाम्या हातांनी घरी जातो, हा हिशेब त्यांना पटेना. १९२६ च्या विंबल्डनमध्ये सामन्याच्या वेळेवरून घोटाळा झाला, राणी मेरी यांना तिष्ठत बसावे लागले आणि अखेर लेंग्लेन स्पर्धेतून बाहेर पडल्या. काही आठवड्यांतच अमेरिकन व्यवस्थापक सी. सी. पाइल यांच्याशी ५०,००० डॉलरचा करार करून त्या धंदेवाईक झाल्या. ९ ऑक्टोबर १९२६ रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये त्यांचा पहिला धंदेवाईक सामना झाला. अशा रीतीने एकाच वर्षी एक स्त्री विंबल्डनची विजेती झाली आणि दुसरी विंबल्डनला कायमची मुकली.

यात कोणाचे बरोबर? गॉडफ्रीबाईंविषयी आमच्या मनात नितांत आदर आहे, परंतु या बाबतीत आम्ही लेंग्लेन यांच्या बाजूचे आहोत. हौशी खेळाचा सोवळेपणा श्रीमंतांच्या घरीच सांभाळता येत होता. काळानेही तोच निर्णय दिला. १९६८ साली विंबल्डन धंदेवाईकांना खुले झाले आणि त्या वर्षीच्या स्त्री-विजेत्या बिली जीन किंग यांना ७५० पौंड मिळाले, तर पुरुष-विजेत्यास २,००० पौंड. हा भेद जाऊन दोघांचे पारितोषिक सारखे व्हायला २००७ साल उजाडावे लागले. बॅडमिंटनमध्ये पैशाचे दार आणखी उशिरा, १९८० च्या सुमारास उघडले. त्याच वर्षी आपल्या प्रकाश पदुकोण यांनी ऑल इंग्लंड जिंकली. पुढे सायना नेहवाल यांनी २०१२ साली आणि पी. व्ही. सिंधू यांनी २०१६ व २०२१ साली ऑलिंपिकमध्ये पदके मिळविली. बॅडमिंटन ही मुलीची वृत्ती होऊ शकते, तिच्यावर घर चालू शकते, हे त्यामुळे आपल्याकडील घराघरांत कळले. तोवर आपल्या मुली हौसेवरच खेळल्या. पुण्याच्या प्रा. दि. ब. देवधर यांच्या कन्या तारा, सुंदर आणि सुमन यांनी १९४० नंतरच्या दशकात राष्ट्रीय स्पर्धा गाजविल्या. क्रिकेटमहर्षी पिता आणि बॅडमिंटनपटू कन्या हे दृश्य मॅकेन यांच्या घराची आठवण करून देणारे आहे.

जाता जाता एक सूचना. आपल्या मंडळाच्या गुणगौरव समारंभात परीक्षेतील टक्केवारीची यादी लांबलचक असते आणि क्रीडानैपुण्याचे नाव शेवटी, टाळ्या संपता संपता येते. शालेय स्पर्धेत चषक आणणारी मुलगी लग्न ठरताच रॅकेट माळ्यावर टाकते, हेही आम्ही अनेक घरांत पाहिले आहे. सासरच्या मंडळींनी एकदा विचारून पाहिले असते, तर कदाचित ती रॅकेट माळ्यावर गेली नसती. शिक्षणनिधीतून क्रीडासाहित्यासाठीही काही रक्कम देता येईल काय, याचा कार्यकारिणीने विचार करावा.

गॉडफ्रीबाईंना दीर्घायुष्य लाभले. पती लेस्ली १९७१ साली निवर्तले. १९७८ साली बाईंचे नाव अमेरिकेतील आंतरराष्ट्रीय टेनिस कीर्तिमंदिरात नोंदले गेले. उतारवयातही त्या टेनिस खेळत आणि विंबल्डनच्या सामन्यांना हजर असत. आपल्या डोळ्यांदेखत लाकडी रॅकेट जाऊन धातूची आलेली त्यांनी पाहिली आणि हौशी खेळाडूंच्या जागी लक्षाधीश खेळाडू आलेलेही पाहिले. १९२४ नंतर ऑलिंपिकमधून गेलेले टेनिस १९८८ साली सोल येथे परत आले तेव्हा त्या ९२ वर्षांच्या होत्या.

बॅडमिंटनचा ऑलिंपिक पदकांच्या खेळांत प्रथमच समावेश झाला तो १९९२ च्या बार्सिलोना येथील सामन्यांत. किटी गॉडफ्री १९ जून १९९२ रोजी लंडन येथे, वयाच्या ९७ व्या वर्षी, निधन पावल्या. बार्सिलोनाचे ऑलिंपिक त्यानंतर ३६ दिवसांनी सुरू झाले, आणि स्त्रियांच्या बॅडमिंटनचे पहिले एकेरी सुवर्णपदक इंडोनेशियाच्या सुसी सुसांती यांनी जिंकले.